रातकिड्याला काय खायला घालताय, ते आधी सांगा

गेल्या अंकात कासवांवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की बेडूक पाळणाऱ्यांनीही प्रश्न पाठवा, मला वाटलं दोन-चार येतील, पण इनबॉक्स भरून गेला. त्यातले बहुतेक सगळे खाण्याबद्दलचे आहेत आणि जवळपास प्रत्येकात एक वाक्य आहेच, "तो फक्त अमुकच खातो हो, दुसरं काही घेतच नाही." बघूया.

प्रश्न : ताई, माझ्याकडे पॅकमन बेडूक (तो गोलमटोल, मोठ्या तोंडाचा) आहे, पिल्लू असताना घेतला. दुकानदाराने मीलवर्मची डबी दिली आणि म्हणाला हेच घालत जा, आवडीने खातो. तो खातोही. पण हल्ली झडप मारल्यावर किडा तोंडातून निसटतो आणि खालचा जबडा मऊ लागतो, बोटाने दाबला की दबतो. खाणं बदलू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : खाणं नंतर बदला, आधी एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि एक्स-रे काढून घ्या, आजच्या आज. तुम्ही लिहिलंय ती लक्षणं मेटाबोलिक बोन डिसीजची वाटतात, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम कमी पडतं म्हणून शरीर ते हाडांतून ओढून घेतं, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठ वाकडी होते, आणि पुढे पुढे बोटं थरथरायला लागतात, पोट फुगतं. जबड्यावर असताना आलात तर बरंच काही सावरता येतं, वाकलेलं हाड मात्र सहसा सरळ होत नाही.

आता हे झालं कसं ते सांगते, कारण हे बाकीच्या सगळ्या प्रश्नांनाही लागू आहे. बेडकाच्या खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या साधारण दीड ते दोन पट असावं लागतं. मीलवर्म असो, सुपरवर्म असो, रातकिडा असो, झुरळ असो, यातल्या एकातही तसं नसतं, सगळ्यांत उलटंच, फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. किड्याला हाडंच नसतात, त्याचं कवच कायटिनचं, त्यात कॅल्शियम येणार कुठून? जंगलातला बेडूक दहा प्रकारचं खातो, गोगलगाय खातो, गांडूळ खातो ज्याच्या पोटात माती असते, अंगावर ऊन घेतो, आणि तो जे किडे खातो त्यांनी स्वतः शंभर प्रकारचा पाला खाल्लेला असतो. दुकानातला मीलवर्म जन्मापासून गव्हाच्या कोंड्यात लोळत असतो. म्हणजे तुमचा बेडूक खरं तर कोंडाच खातोय, फक्त व्हाया मीलवर्म.

त्यामुळे तीन गोष्टी करायच्या. पहिली, किडा बेडकाला घालायच्या आधी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास त्याला नीट खायला घाला, गाजर, रताळं, शेवग्याचा पाला, भोपळा, थोडं चांगल्या प्रतीचं माशांचं किंवा कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. याला हॉबीवाले गट-लोडिंग म्हणतात. दुसरी, पावडर. कॅल्शियम कार्बोनेट विथ व्हिटॅमिन डी-थ्री, वाढत्या पिल्लाला जवळपास प्रत्येक खाण्यावर, मोठ्याला एक खाणं सोडून एक, आणि मल्टिव्हिटॅमिन वेगळं, आठवड्यातून एकदा. तिसरी, मीलवर्म हा मुख्य जेवणातून काढा आणि रातकिडे, डुबिया (खाद्य म्हणून वाढवतात ती झुरळं), गांडूळ, रेशमाच्या अळ्या असं आलटून पालटून द्या. मिळाल्या तर ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या बघा, किड्यांमध्ये ही एक अशी आहे की जिच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर असतं.

पावडर लावायची पद्धत पण बरेच जण चुकतात म्हणून सांगते. एका झाकणाच्या डब्यात किडे घ्या, डबा पाचेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे ते मंदावतात, मग चिमूटभर पावडर टाकून डबा हलक्या हाताने फिरवा, अंगावर पातळ पांढरा थर दिसला पाहिजे, ढेकळं नाही, आणि लगेच चिमट्याने बेडकासमोर. लगेच म्हणजे लगेच, कारण रातकिडा पाय-मिशा पुसत बसतो आणि थोड्या वेळात निम्मी पावडर काढून टाकतो. संध्याकाळी टाकलेले किडे बेडकाने रात्री खाल्ले तर पोटात पावडर जवळपास जातच नाही, आणि उरलेले उपाशी रातकिडे रात्रभर बेडकाचीच कातडी कुरतडतात ते वेगळंच.

प्रश्न : कॅल्शियमची पावडर बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते. पानाला लावतात तो चुना किड्यांना लावला तर चालेल का? तो पण कॅल्शियमच ना? – डोंबिवली

उत्तर : नाही! अजिबात नाही. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तो जहाल असतो, पानात जास्त झाला तर आपली जीभ भाजते, मग बेडकाची काय गत होईल विचार करा, त्याची तर सगळी कातडीच इतकी पातळ की तो पाणीसुद्धा तोंडाने न पिता पोटाखालच्या कातडीतून शोषून घेतो. चुन्याचा हात त्याच्या टाकीला पण लावू नका.

अगदीच अडलं तर पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो बारीक खरवडून वस्त्रगाळ करून वापरता येतो, अंड्याचं कवच उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखं बारीक केलं तर तेही. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. पण त्यात डी-थ्री नसतं, आणि डी-थ्रीशिवाय ते कॅल्शियम आतड्यातून नीट आत जात नाही, म्हणून हे महिनाभर भागवायला, कायमचं नाही. आणि माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून लावणारे पण बरेच निघालेत या वेळच्या पत्रांत, त्यांनाही हेच सांगते की नको, त्यात डी-थ्रीचं प्रमाण माणसाच्या वजनाचं असतं. डी-थ्री कमी पडलं तरी वाईट आणि जास्त झालं तरी वाईट, अति तिथे माती.

प्रश्न : आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा नाही. मुलाने हट्टाने बेडूक आणलाय. पनीर, भिजवलेले सोयाबीन असं काही देऊन चालेल का? सासूबाई विचारतायत. – बोरिवली

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की नाही चालणार. ब्राझीलमध्ये एक झाडबेडूक आहे जो फळं खातो, आपल्याकडे दक्षिणेत सहा-बोटी हिरवा बेडूक आहे त्याचे मोठे झालेले बेडूक पाणवनस्पती भरपूर खातात, पण हे अपवाद, आणि तुमच्या मुलाने आणलेला त्यातला नाही. बाकी बेडूक पक्के मांसाहारी, आणि बहुतेकांना न हलणारी वस्तू खाणं म्हणून दिसतच नाही, पनीरचा तुकडा समोर ठेवलात तर तो त्याच्यासाठी दगडच. जिवंत किडे घरात ठेवायची तयारी नसेल तर बेडूक अशा कोणाला तरी द्या ज्याची तयारी आहे. मुलगा रुसेल, रुसू दे. उपाशी बेडूक रडत नाही, ओरडत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही.

प्रश्न : पॅकमनला चिकनचे बारीक तुकडे चिमट्यात धरून हलवले की तो गपकन घेतो. स्वस्त पडतं आणि किड्यांची कटकट नाही. शिवाय दर आठवड्याला एक पांढऱ्या उंदराचं पिल्लू देतो. बेडूक मस्त गुबगुबीत झालाय. – नागपूर

उत्तर : गुबगुबीत झालाय हेच तर दुखणं आहे. चिकनचा तुकडा म्हणजे नुसता स्नायू, हाड नाही, काळीज नाही, पोटातला पाला नाही, कॅल्शियम जवळपास शून्य आणि फॉस्फरस भरपूर. अख्खा प्राणी खाणं आणि त्याचा एक तुकडा खाणं यात खूप फरक आहे. उंदराचं पिल्लू अख्खं असतं हे खरं, पण ते चरबीचं पार्सल आहे. पॅकमनसारख्या मोठ्या तोंडाच्या बेडकाला महिन्या-दोन महिन्यांतून एखादं ठीक, दर आठवड्याला नाही. त्याचं नेहमीचं जेवण मोठी गांडुळं आणि डुबिया, आणि पूर्ण वाढ झालेल्याला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. त्याने पुन्हा तोंड उघडलं म्हणून पुन्हा द्यायचं असं करू नका, हा प्राणी मुळात बसून वाट बघणारा आहे, पुढचं सावज कधी येईल याची खात्री नसलेला, त्यामुळे तो पोट भरलं म्हणून थांबत नाही, समोर हललं की घेतो. तुमचं बोट हललं तरी घेतो. आणि दुसरा बेडूक शेजारी ठेवलात तर त्यालाही.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. मुलीने ग्रीन ट्री फ्रॉग पाळलाय, लायसन्स वगैरे सगळं रीतसर आहे. रोज रात्री ती त्याला क्रिकेट्स आणि वुडीज (इथे मिळणारी छोटी झुरळं) देते. आता त्याच्या डोळ्यांवर मांसाची घडी लोंबतेय आणि एका डोळ्यात पांढुरकं काहीतरी दिसतंय. मोतीबिंदू असेल का? – एक आई

उत्तर : फोटो पाठवलात ते बरं केलंत. डोळ्याच्या मागे, कानाच्या पडद्यावर जो उंचवटा असतो तो या जातीत थोडा असतोच, त्यावरूनच बेडकाची तब्येत कळते. नुसती रेघ दिसली तर हडकुळा, छान उंचवटा पण डोळा मोकळा तर ठीक, आणि घडी डोळ्यावर ओघळली म्हणजे लठ्ठ. तुमचा तिसऱ्या प्रकारात आहे, चांगलाच.

डोळ्यातलं पांढरं मोतीबिंदूच असेल असं नाही. झाडबेडकांमध्ये, विशेषतः या जातीत आणि क्युबन ट्री फ्रॉगमध्ये, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्यात चरबी साठते, आधी कडेला पांढुरका पट्टा येतो, मग तो वाढत जातो आणि शेवटी बेडकाला किडा दिसेनासा होतो. एकदा साठलेली चरबी परत जाणं अवघड, पण वाढ थांबवता येते. म्हणून व्हेटला डोळा दाखवा, आणि घरात उद्यापासून रोजचं जेवण बंद. मोठ्या ग्रीन ट्री फ्रॉगला आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, एका वेळी चार-पाच मध्यम आकाराचे किडे, बास. किडा किती मोठा असावा त्याचा साधा अंदाज म्हणजे बेडकाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढी किड्याची लांबी. वॅक्सवर्म देत असाल तर बंदच करा, ती निव्वळ चरबी. वुडीज चांगलेच आहेत. डुबिया तिथे पाळायला बंदी आहे, त्यामुळे भारतातल्या, अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये "डुबिया द्या" असं कोणी सांगितलं तर ते तुमच्यासाठी नाही.

आणि मुलीला सांगा, चिमट्याने तोंडासमोर किडा नेऊ नको, टाकीच्या दुसऱ्या टोकाला फांदीवर सोड, याने उठून जावं लागेल असं बघ. हा बेडूक नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेल तरी तो घरात असेल, इतक्या वर्षांचं जेवण आहे हे.

प्रश्न : ताई, मी सातवीत आहे. आमच्या बाथरूममध्ये एक बेडूक येतो, भिंतीवर चिकटून बसतो. मला त्याला पाळायचंय. मी त्याला भात दिला तर खाल्ला नाही. आजोबा म्हणतात पऱ्ह्यावरचा मोठा पिवळा बेडूक पण पकडून देतो. आणि काजवे दिले तर तो आतून चमकेल का? – चिपळूण

उत्तर : अरे, शेवटचा प्रश्न वाचून मी आधी खूप हसले आणि मग घाबरले. काजवा कुठल्याही बेडकाला, सरड्याला, कोणालाच द्यायचा नाही. काजव्याच्या काही जातींमध्ये हृदयावर परिणाम करणारं विष असतं, अमेरिकेत पाळलेले सरडे एक-दोन काजवे खाऊन मेलेत. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला, राजमाचीला लोक काजवे बघायला जातात आणि पोरं बाटलीत भरून आणतात, ते तर मुळात आणायचेच नाहीत.

बाथरूममधला तो झाडबेडूक असणार, बोटांच्या टोकाला गोल चकत्या आहेत का बघ. त्याला पाळायची गरजच नाही, तो आधीच तुमच्याकडे राहतोय. ट्यूबलाइटभोवतीचे किडे, डास, झुरळाची पिल्लं असं तो स्वतः मिळवून खातो, तुझ्या भातापेक्षा त्याचं जेवण कितीतरी चांगलं आहे. त्याच्यासाठी तू एवढंच कर, घरात आईला सांग की बाथरूममध्ये फिनेल ओतायचं असेल तेव्हा आधी त्याला बाहेर काढायचं, आणि झुरळांचा खडू भिंतीवर ओढायचा नाही. विष खाल्लेलं झुरळ त्याने खाल्लं तर तेच विष त्याच्या पोटात.

आणि आजोबांना सांग, तो मोठा पिवळा बेडूक पकडायचा नाही, तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पकडणं, पाळणं, मारणं सगळाच गुन्हा. गोव्यात पहिल्या पावसात त्याचे पाय खायला त्याची शिकार होते म्हणून तिथलं वनखातं दर पावसाळ्यात लोकांना इशारे देतं. पूर्वी भारतातून या पायांची मोठी निर्यात व्हायची, १९८७ मध्ये ती बंद केली. पऱ्ह्यावर जाऊन बघ त्याला, पावसाच्या पहिल्या दिवसांत नर एकदम पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो, वहीत चित्र काढ आणि मला पाठव.

प्रश्न : फिश टँकच्या दुकानातून पांढरा, लाल डोळ्यांचा, कायम पाण्यातच राहणारा बेडूक आणला. गोल्डफिशचं खाणं घालतोय, कधी छोटे गोल्डफिशच सोडतो. बरोबर आहे ना? – कोल्हापूर

उत्तर : हा बहुतेक आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, अल्बिनो. याला जीभच नसते, हा वास घेऊन अन्न शोधतो आणि पुढच्या दोन्ही हातांनी तोंडात कोंबतो, बघायला मजा येते. म्हणून याच्यासाठी जिवंत, हलणारं असण्याची अट नाही, बुडणाऱ्या गोळ्या चालतात, पण गोल्डफिशच्या नाहीत, त्यात प्रोटीन कमी. मांसाहारी माशांच्या किंवा याच बेडकासाठीच्या मिळाल्या तर त्या, सोबत गांडुळाचे तुकडे, फ्रोझन ब्लडवर्म.

गोल्डफिश बंद करा. त्याच्या शरीरात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-वन जीवनसत्त्व मोडून टाकतं, असे मासे सतत खाल्ले की बेडकाला झटके यायला लागतात. शिवाय बाजारातल्या स्वस्त गोल्डफिशबरोबर जंत फुकट येतात. टाकीत छोटे खडे असतील तर तेही काढा, हा अन्नाबरोबर खडे पण कोंबतो. उरलेलं खाणं अर्ध्या तासाच्या आत काढून टाका. आणि कंटाळा आला म्हणून पंचगंगेत, रंकाळ्यात सोडू नका, या जातीने जगात बऱ्याच ठिकाणी स्थानिक बेडकांचं वाटोळं केलंय. हा पंधरा वर्षं सहज काढतो हे घेतानाच कोणी सांगत नाही.

प्रश्न : आमची तुतीची दोन एकर आहे, रेशीम करतो. वाया जाणाऱ्या अळ्या बेडूकवाल्यांना विकता येतील का? आणि मुलाला घरीच रातकिडे वाढवायचेत, ते जमतं का? – जालना

उत्तर : वा, या प्रश्नाची वाट बघत होते मी. रेशमाची अळी म्हणजे बेडकासाठी उत्तम खाणं, मऊ, कवच नसलेली, पाण्याचा अंश भरपूर, चरबी बेताची, आणि हळूहळू हलते त्यामुळे बेडकाला नीट दिसते. परदेशात डबीत पाच-दहा मोजून विकतात, आणि आपल्याकडे तुमच्या भागात ढिगाने आहेत पण पुण्या-मुंबईतल्या हॉबीवाल्यांना कुठे मिळतात ते माहीतच नाही, काखेत कळसा तसा प्रकार. पण एक बघा. संगोपनगृहात तुम्ही अळ्यांवर निर्जंतुकीकरणाची पावडर आणि चुना टाकता ना, कात टाकल्यानंतर आणि अधूनमधून, ती अळी बेडकाला चालणार नाही. त्यामुळे "वाया जाणाऱ्या" म्हणजे रोगट, ग्रासरीवाल्या, फ्लॅचरीवाल्या अळ्या विकायचा विचार असेल तर सोडून द्या. विकायच्या असतील तर वेगळा छोटा ट्रे, पावडर न टाकलेला, फवारणी न केलेल्या तुतीच्या पाल्यावर वाढवलेला, तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतल्या निरोगी अळ्या. तेवढं केलंत तर गिऱ्हाईक मिळेल.

रातकिडे जमतात, फक्त आवाज आणि वास सहन करायची तयारी हवी, नरांची रात्रभर किर्र चालू असते. झाकणाला जाळी लावलेला मोठा प्लॅस्टिकचा क्रेट, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचायचे म्हणजे त्यांना जागा मिळते, नाहीतर ते एकमेकांना खातात. पाण्याची वाटी ठेवायची नाही, बुडून मरतात, ओला स्पंज किंवा गाजराचे काप. खाणं म्हणून कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर, थोडं माशांचं खाद्य, पाला. एका डबीत ओलसर कोकोपीट भरून ठेवा, माद्या त्यात शेपटीकडची सुई खुपसून अंडी घालतात, डबी काढून अठ्ठावीस-तीस अंशात ठेवली की साधारण दहा-बारा दिवसांत मुंग्यांएवढी पिल्लं. मराठवाड्यात हे तापमान वर्षातले कितीतरी महिने फुकटच मिळतं. मोठे व्हायला सहा ते आठ आठवडे. कॅल्शियम जास्त असलेलं खास गट-लोडचं खाद्य मिळतं ते मात्र बेडकाला घालायच्या आधीचे दोन दिवसच द्यायचं, रोज दिलं तर रातकिडेच मरतात.

आणि पालक नको. कॅल्शियम आहे पण त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं. कोणी बेडूकमाशांना उकडलेला पालक घालत असाल तर तेही बंद करा, नुसत्या पालकावर वाढवलेल्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे खडे होतात.

गांडूळखताच्या टाकीतली गांडुळं द्यावीत का असंही काही जणांनी विचारलंय, ते इथेच सांगते. आपल्याकडे खताला दोन जाती जास्त वापरतात. लाल, पट्ट्यापट्ट्यांची आयसेनिया फेटिडा डिवचली की पिवळट वासाचा द्रव सोडते, बरेच बेडूक ती तोंडात घेऊन थुंकतात आणि मग कुठलंही गांडूळ घ्यायला बघत नाहीत. दुसरी, मोठी, जांभळट चकाकी असलेली युड्रिलस, ती छान. ओल्या कागदात रात्रभर ठेवून पोट रिकामं करा, धुवा, आणि मोठं असेल तर तुकडे करून द्या.

प्रश्न : डिसेंबर लागला की आमचा बेडूक खात नाही. चमच्याने तोंड उघडून भरवू का? – नाशिक

उत्तर : नको! बेडकाचं पचन बाहेरच्या तापमानावर चालतं, आणि नाशिकला रात्री पारा दहाच्या खाली जातो. अशा थंडीत पोटात गेलेला किडा पचत नाही, आतच कुजतो. टाकीचा थर्मोमीटर बघा, पॅकमन किंवा झाडबेडकाला दिवसा पंचवीस-सव्वीस अंश हवेत. टाकीच्या बाजूला, खाली नाही, हीट मॅट लावा आणि थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, आणि हवा कोरडी होते म्हणून पाणी फवारत राहा, अर्थात क्लोरीन काढलेलं. तापमान दोन-तीन दिवस नीट राहिलं की मग एक छोटा किडा. तरीही नाही खाल्लं, वजन घटतंय, तर डॉक्टर. दर आठवड्याला किचनच्या नाही, वेगळ्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवलंत तर घटतंय की नाही हे अंदाजाने सांगायची वेळ येत नाही. बेडकाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, अमेरिकेत २००८ ते २०११ मध्ये घरातल्या छोट्या पाणबेडकांमुळे याची साथ पसरली होती आणि आजारी पडलेले बहुतेक लहान मुलंच होती, म्हणून काटा वेगळा, टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतायचं नाही, आणि हात साबणाने.

प्रश्न : पावडर नियमित लावते, किडे पण बदलून बदलून देते. तरी झाडबेडकाचा नेम चुकतो, जीभ बाहेर येते पण किडा चिकटत नाही. डोळे ठीक आहेत. – बंगळुरू

उत्तर : पावडरच्या डब्यावर मागे बारीक अक्षरात बघा, व्हिटॅमिन ए कुठल्या रूपात आहे. नुसतं बीटा कॅरोटीन लिहिलं असेल तर अडचण तिथेच असू शकते, आपण गाजरातल्या कॅरोटीनचं ए बनवतो, बऱ्याच बेडकांना ते नीट जमत नाही. त्यांना रेटिनॉल, म्हणजे तयार व्हिटॅमिन ए लागतं. ते कमी पडलं की जिभेतल्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी बदलतात, जीभ चिकटतच नाही, समोरून बघणाऱ्याला वाटतं जीभ आखूड झालीय. अमेरिकेत वायोमिंग टोड नावाचे भेक नामशेष होऊ नयेत म्हणून बंदिस्त जागेत वाढवले तेव्हा त्यांच्यात हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं, खाणं समोर असून उपाशी राहायचे.

दुसरं म्हणजे डबा कधी उघडलात? उघडल्यावर सहा महिन्यांत ती पावडर बदलायची, दमट हवेत आणि उजेडात व्हिटॅमिन ए लवकर संपतं, मग वर कितीही लांबची एक्सपायरी लिहिलेली असो. उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहा आणि डबा बेडकाच्या टाकीवर नाही, कोरड्या कपाटात ठेवा. मात्र स्वतःहून व्हिटॅमिन ए चे ड्रॉप्स आणून टाकू नका, जास्त झालं तर यकृतावर येतं, ते डॉक्टर वजन करून ठरवतील.

प्रश्न : लाल डोळ्यांचा झाडबेडूक आणि डार्ट फ्रॉग घ्यायचा विचार आहे. डार्ट फ्रॉग विषारी असतो ना? – ठाणे

उत्तर : बंदिस्त जन्मलेला नसतो, त्याचं विष त्याच्या रानातल्या जेवणातून, मुंग्या आणि माइट्समधून येतं, घरी फ्रूट फ्लाय आणि स्प्रिंगटेल खाऊन ते तयार होत नाही. पण हे दोन्ही साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहेत, वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसेल तर घेऊ नका. आणि फ्रूट फ्लायचं कल्चर, म्हणजे डब्यातली पैदास, आधी दोन महिने चालवून बघा, ते न मरता टिकलं तर मग बेडकाचा विचार.

प्रश्न : काल रात्री आमचा बेडूक जांभया देत अंग मुरडत होता आणि स्वतःची कातडी ओढून तोंडात घालत होता. भूक लागलीय म्हणून का? – पनवेल

उत्तर : नाही, कात टाकत होता. बेडूक ती खाऊनच टाकतात, त्यात प्रोटीन असतं. मध्ये हात घालू नका, आणि त्या दिवशी किडे नाही टाकले तरी चालेल.